सातबारा आणि सातशे सत्त्याहत्तर

आपलाच कम्प्युटर. पैसे आपणच मोजलेले, हप्ताही अजून आपल्याच खात्यातून जातोय. त्यातलं एक जुनं फोल्डर उडवायला जावं, तर विंडोज पाटी लावतं: हे फोल्डर बदलायचं असेल तर अमुक अमुक यांची परवानगी लागेल. आणि अमुक अमुकच्या जागी चक्क आपलंच नाव. माणूस आधी मागे वळून बघतो, घरात आपल्या नावाचं दुसरं कुणी आलंय की काय. मग 'पुन्हा प्रयत्न करा' हे बटण दाबतो. कम्प्युटर पुन्हा त्याच्याचकडे त्याचीच परवानगी मागतो. यानंतर घरातल्या कॉलेजकुमाराला हाक जाते.

खरं तर आम्हा मांजरीकरांना याचं नवल वाटायचं कारण नाही. मुळा-मुठेच्या अलीकडे मांजरी बुद्रुक, पलीकडे मांजरी खुर्द. त्यातलं बुद्रुक २०२१ च्या जूनअखेर आणखी बावीस गावांबरोबर पुणे महापालिकेत गेलं, आणि लगोलग या तेवीस गावांच्या नियोजनाचे अधिकार पीएमआरडीए या प्रदेश विकास प्राधिकरणाकडे देण्यात आले. म्हणजे गाव एकाच्या नावावर, आणि भिंत कुठे घालायची ते विचारायचं दुसऱ्याला. आमच्या गावातून लस जगभर गेली. पण ती बनवणाऱ्या सीरम इन्स्टिट्यूटच्या गेटातून आत जायचं तर मांजरीत जन्मलेल्यालाही पास लागतो, आणि त्याबद्दल पारावर कुणी चकार शब्द काढत नाही. द्राक्ष संशोधन केंद्राने 'मांजरी नवीन', 'मांजरी मेडिका' अशा गावाच्याच नावाच्या जाती काढल्या, म्हणून कुणी कुंपणातून हात घालून घड तोडला असं ऐकिवात नाही. निदान दिवसाढवळ्या तरी नाही. परवानगी ही गोष्ट आम्हाला उपजत कळते. ती कम्प्युटरने मागितली की मात्र डोकं फिरतं.

या डोकं फिरण्याच्या मुळाशी एक गैरसमज आहे. आपल्याला वाटतं, परवानग्या चोरांसाठी असतात, आणि आपण काही चोर नव्हे. पण कम्प्युटरमधल्या परवानग्या निघाल्या त्या चोरांपायी नव्हे, वाटेकऱ्यांपायी. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एमआयटीमध्ये एकच यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची सोय झाली. प्रत्येकाला ठरावीक वेळ, प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड. ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याचे चार तास पुरेनात. तिथे पंचकार्डावर फाइलीचं नाव घालून दिलं की ती फाइल छापून मिळायची. १९६२ साली एका शुक्रवारी रात्री या गृहस्थाने कार्ड सरकवलं: पासवर्डांची फाइल छापून द्यावी. यंत्राने ती निमूट छापून दिली. फाइल कुणी मागावी आणि कुणी मागू नये हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. पुढे शेरसाहेबांचा प्रबंध दुसऱ्यांच्या वेळेवर सुखेनैव पुढे सरकला. बघा, यात चोर कुठे आला? एकाच डिपार्टमेंटातला, रोज चहाला भेटणारा माणूस.

१९६९ मध्ये बेल लॅब्जमधल्या केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स रचायला घेतलं, तेव्हा त्यांना या रोज चहाला भेटणाऱ्यांची चांगलीच ओळख होती. १९७१ च्या नोव्हेंबरात युनिक्सचं पहिलं मॅन्युअल निघालं, त्यात 'सीएचमॉड' ही परवानग्या बदलायची आज्ञा होतीच. तेव्हा जगात दोनच प्रकारची माणसं धरली होती: मालक आणि बाकीचे. ग्रुप, म्हणजे एकत्र कुटुंब, थोडं मागाहून आलं.

आज युनिक्सच्याच वळणाच्या लिनक्सवर फायलींची यादी मागितली की प्रत्येक नावाच्या आधी नऊ खणांची एक पट्टी दिसते. आर डब्ल्यू रेघ, आर रेघ रेघ, आर रेघ रेघ. पहिले तीन खण मालकाचे, मधले तीन ग्रुपचे, शेवटचे तीन उरलेल्या दुनियेचे. आर म्हणजे वाचा, डब्ल्यू म्हणजे लिहा, एक्स म्हणजे चालवा, आणि रेघ म्हणजे नाही. बोलताना मात्र कुणी अक्षरं घेत बसत नाही, आकडे सांगतात. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. प्रत्येक त्रिकुटाची बेरीज करायची. वरची पट्टी झाली ६४४. मालकाने वाचावं-लिहावं, इतरांनी नुसतं वाचावं. सगळ्यांना सगळं मोकळं करायचं तर ७७७. हा आकडा पाठ करायला फार सोपा आहे, आणि जगातल्या निम्म्या भानगडी त्याच्या या सोपेपणातून झालेल्या आहेत.

आमच्या सोसायटीत मगरपट्ट्याला आणि खराडीला जाणारे कम्प्युटरवाले मजल्यागणिक आहेत. त्यांतल्या काहींना ही बेरीज अजून गुगलला विचारावी लागते. आबांना मात्र एकदाच सांगावं लागलं. सोसायटी उभी आहे ती जमीन पूर्वी आबांची. त्या बदल्यात मिळालेल्या फ्लॅटमध्ये ते राहतात आणि संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात, पंख्याखाली, येऊन बसतात.

"म्हंजे वाचायला समदं गाव, लिहायला एकच," आबा म्हणाले. "तलाठ्याचं दप्तर हाय की हे."

याहून नेमकं कुणी सांगितलेलं मी ऐकलेलं नाही. सातबारा ही महाराष्ट्रातली सगळ्यात जास्त वाचली जाणारी फाइल. गाव नमुना ७ मध्ये जमीन कुणाची, तिच्यावर बोजा कुणाचा, इतर हक्कांत कोण घुसलंय. नमुना १२ मध्ये पीक काय. आता तो ऑनलाइन कुणीही, कुणाचाही, घरबसल्या बघतो. लग्नाच्या बैठकीआधी तर हमखास बघतो. लिहायचं म्हटलं की मात्र ज्याचं नाव वर आहे त्यालासुद्धा पेन्सिल टेकवता येत नाही. खरेदी झाली, वारस लागले, तर तलाठ्याने (आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) नमुना ६ मध्ये फेरफार धरायचा, संबंधितांना नोटीस काढायची, कुणी हरकत घेतली नाही तर मंडल अधिकाऱ्याने तो प्रमाणित करायचा, आणि मग सातबाऱ्यावर अक्षर उमटायचं. लिहिणारा एक, शिक्कामोर्तब करणारा दुसरा, आणि मालक चावडीच्या बाकावर. युनिक्समध्ये मालकाची परिस्थिती जरा बरी आहे. त्याने स्वतःची लिहायची परवानगी काढून टाकली, तरी ती परत देण्याचा हक्क त्याच्याकडेच राहतो. हे ऐकून आबा म्हणाले, "मंग मी पण युनिक्समधी जमीन घ्यायला पायजे व्हती."

ग्रुप समजावताना तर मला तोंडच उघडावं लागलं नाही. जुन्या उताऱ्यांवर नावापुढे 'ए. कु. मॅ.' अशी तीन अक्षरं असायची: एकत्र कुटुंब मॅनेजर. जमीन सगळ्या भावांची, नाव थोरल्याचं. हिशेब असा की थोरला सगळ्यांच्या वतीने बघेल. थोरल्यानेही बघितलं, आणि बघता बघता पुढच्या कुठल्या तरी उताऱ्यावरून ती तीन अक्षरं गळाली. ग्रुपचे तिन्ही खण रेघा. "आमचं बी तसंच झालं," एवढंच बोलून आबांनी पंख्याचं बटण एकने वाढवलं. ते प्रकरण दिवाणी कोर्टात त्यांची निम्मी हयात चाललं, हे सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे.

आणखी एक चमत्कार आबांना पसंत पडला. कम्प्युटर फाइलीवर मालकाचं नाव लिहीत नाही, नंबर लिहितो. समजा, तो माणूस नोकरी सोडून गेला आणि त्याचं खातं पुसलं. फायली राहतात, मालकाच्या जागी नुसता उघडाबोडका नंबर दिसतो. पुढे कुण्या नवख्याला चुकून तोच नंबर मिळाला, तर आधीच्याचं सगळं घबाड त्याच्या नावावर, फेरफार नाही, नोटीस नाही. मयत खातेदारांच्या नावावर वर्षानुवर्षं पडलेल्या उताऱ्यांवर वारसांची नावं चढवायला सरकारने २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम काढली. जिवंत सीएचमॉड काढायची कुणाला गरज वाटलेली नाही, याचं कारण कम्प्युटरवर भाऊबंदकी करायला फायली पुरेशा मौल्यवान नसतात.

आता जरा अवघड गाठ. पासवर्डांची फाइल एकट्या मुख्य धन्याने, म्हणजे रूटने, लिहायची. पण आपला पासवर्ड तर प्रत्येकाला बदलता आला पाहिजे. म्हणजे सगळ्यांना लिहू द्यायचं नाही आणि तरी प्रत्येकाला लिहू द्यायचं. डेनिस रिचीने यावर तोड काढली ती अशी: माणसाला परवानगी देऊ नका, एका प्रोग्रॅमला द्या. तो कुणीही चालवावा, चालताना तो आपल्या मालकाच्या अधिकाराने वागेल, पण करील फक्त ते एकच काम. या युक्तीला 'सेटयूआयडी' म्हणतात आणि १९७९ साली तिला अमेरिकेत पेटंटही मिळालं. कॉलेजात हा धडा मुलं ऑप्शनला टाकतात. आबा मात्र दर हंगामात ही युक्ती वापरतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी नमुना १२ तलाठीच भरायचा. आता शेतकरी शेतात उभा राहून मोबाइलवर पीक लिहितो, फोटो काढतो, जागा कुठली ते ॲप आपलं आपण टिपून घेतं. दप्तर सरकारचं, अक्षर आबांचं. खुर्दकडे उरलेल्या तुकड्यात ऊस असेल तर ऊस लिहावा. पण त्याच ॲपातून चुलत्याचं नाव कमी करता येईल का, तर नाही. "बगितलं म्या," आबा म्हणाले. "न्हाय येत."

हे सगळं ठाऊक असलेला माणूस समोर पंख्याखाली बसलेला असताना, त्याच ऑफिसातल्या कम्प्युटरचं जे झालं ते आता सांगतो.

त्या कम्प्युटरवरचं विंडोज एके दिवशी कायमचं झोपलं. बी विंगमधल्या एका मुलाने त्यावर उबुंटू नावाचं लिनक्स टाकून दिलं. फुकट असतं, एवढ्या एकाच मुद्द्यावर कमिटीने ठराव एकमताने मंजूर केला. मुलाने कामही चोख केलं. सेक्रेटरी, खजिनदार, अध्यक्ष, सगळ्यांची वेगवेगळी खाती. पार्किंगच्या यादीची फाइल सेक्रेटरींच्या मालकीची, कमिटीच्या ग्रुपला नुसती वाचायला, बाकीच्यांना काहीच नाही: ६४०. मग त्या मुलाला बंगळुरूला नोकरी लागली आणि तो गेला. सुडोचा, म्हणजे रूटच्या अधिकाराने वागण्याचा, पासवर्ड त्याच्या डोक्यातून त्याच्याबरोबर गेला.

काही दिवस ठीक गेले. मग खजिनदारकाकांनी यादी उघडली आणि वरच्या बाजूला पट्टी आली: फक्त वाचण्यासाठी.

"म्हणजे? मी नुसतं वाचायचं?" काका खुर्चीतून अर्धवट उठले. "आयुष्यभर बँकेत नोकरी केली मी. लाखोंची कॅश या हातांतून गेली!"

इथे मला बोलावंसं वाटलं ते मी बोललो नाही. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, दोन वेगळ्या माणसांकडे. एकट्या कॅशियरला ती उघडता येत नाही. काकांनी ती व्यवस्था आयुष्यभर मान ताठ ठेवून पाळली. बँकेने अविश्वास दाखवला तर ती पद्धत, आणि कम्प्युटरने दाखवला तर अपमान.

काकांनी कुठून तरी सुडो हा शब्द मिळवला आणि स्वतःच्या खात्यातून तो वापरून बघितला. त्यावर सुडोने जे उत्तर दिलं ते त्याच्या घराण्याचं जुनं उत्तर आहे (१९८० च्या सुमारास अमेरिकेत बफेलोच्या विद्यापीठात हा प्रोग्रॅम लिहिला गेला). अमुक हे सुडोअर्सच्या यादीत नाहीत. या प्रकाराची खबर दिली जाईल.

काकांचा चेहरा उतरला. "कुणाला देणार खबर?"

कुणालाच नाही, हे खरं उत्तर. ती नोंद लॉगमध्ये पडते, फार तर रूटच्या टपालपेटीत जाते, आणि ती पेटी उघडून बघणारा माणूस बंगळुरूला होता. घरच्या मशीनवर तर आणखी मजा असते, तिथे रूट आपणच. म्हणजे आपल्याविरुद्धची तक्रार आपल्याकडेच चौकशीला येते. पण काका बँकेतले. त्यांनी त्याच संध्याकाळी अध्यक्षांच्या नावे लेखी खुलासा दिला: सदर कृती अनवधानाने घडली असून त्यामागे कोणताही गैरहेतू नव्हता. अध्यक्ष सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी खुलाशावर 'पाहिले' असा शेरा मारून तो फायलीला लावला. कागदी फायलीला.

बंगळुरूला फोन लावला. मुलगा मीटिंगमध्ये होता. घाईत सुडोचा पासवर्ड सांगून मोकळा झाला. सेक्रेटरींनी तो वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिला. पुढचं काम कुणाच्या तरी भाच्याने केलं. त्याने इंटरनेटवर विचारलं, आणि इंटरनेटने तेच उत्तर दिलं जे ते गेली कित्येक वर्षं देत आलंय. सगळ्या फोल्डरला, आतल्या सगळ्या फायलींसकट, ७७७.

चालायला लागलं! काकांनी यादीत लिहिलं, सेक्रेटरींनी लिहिलं, ऑफिसातल्या पोऱ्याने लिहिलं. पासवर्ड टाकायचा कंटाळा म्हणून सगळे एकाच 'ऑफिस' नावाच्या खात्यातून शिरू लागले. महिना उलटायच्या आत लिफ्टजवळची झाकलेली जागा यादीत तीन फ्लॅटांच्या नावावर होती, आणि तिघांकडेही त्या यादीची प्रिंट होती. कुणी बदललं? कम्प्युटरचं म्हणणं: ऑफिसने. ऑफिस म्हणजे कोण? सगळे.

७७७ ची खरी गंमत मात्र सोसायटीत कळत नाही, त्यासाठी जरा मोठा हात मारावा लागतो. एका कंपनीत कुणी तरी वैतागून अख्ख्या डिस्कलाच ७७७ देऊन टाकलं. आता सगळ्यांना सगळं खुलं, मग कटकट संपली असं वाटेल. झालं उलटंच. आकड्याने परवानगी देताना प्रोग्रॅमांवरची सेटयूआयडीची खूण पुसली गेली, म्हणून सुडो चालेना. दूरच्या सर्व्हरवर जायच्या गुप्त किल्लीची फाइल सगळ्यांना वाचता येते असं दिसल्यावर तिकडे नेणारा एसएसएच प्रोग्रॅम म्हणाला, असली चव्हाट्यावरची किल्ली मी वापरणार नाही. सगळ्यांना सगळे अधिकार दिले आणि ते परत घ्यायचा अधिकार कुणाकडेच उरला नाही. शेवटी मशीन पुन्हा पहिल्यापासून बसवावं लागलं.

आमच्याकडे अध्यक्षांनी सूत्रं हातात घेतली. भाच्याला बोलावून पार्किंगची फाइल सर्वांना फक्त वाचनीय करण्याचा आदेश दिला. भाच्याने ४४४ केलं. अध्यक्षांनी स्वतः त्यात एक टिंब टाकून बघितलं; पडलं नाही. समाधानाने घरी गेले. सोमवारी फाइल नाहीशी.

रविवारी तातडीची सभा. (आमच्याकडे तातडीची सभा रविवारीच होते.)

"कुलूप लावलं होतं ना?" अध्यक्ष भाच्याला म्हणाले. "मग गेली कशी?"

"सर, फाइलला होतं."

"मग?"

भाचा गप्प. लॅपटॉपवर व्हिडिओ कॉलवर बंगळुरूचा मुलगा होता. तो समजावू लागला, पण आवाज तुटत होता. त्याचं म्हणणं असं. फोल्डर म्हणजे पेटी नव्हे, नावांची यादी आहे. फाइल पुसणं म्हणजे फाइलीत काही लिहिणं नव्हे. त्या यादीतलं एक नाव खोडणं. तेव्हा फाइल कितीही राखा, ती पुसू द्यायची की नाही हे फाइलीवर नाही, फोल्डरवर ठरतं. आणि फोल्डर अजून ७७७ होतं. ज्याला फाइलीत एक टिंब टाकता येत नव्हतं, त्याला अख्खी फाइल उडवता येत होती.

सभेत शांतता. इतका मूर्खपणा हे रचणारा एवढा मोठा अमेरिकन माणूस करेल यावर कुणाचा विश्वास बसेना.

"बरोबरे की त्याचं," आबा पंख्याखालून म्हणाले. "नाव खोडायला उतारा कशाला लागतोय. दप्तर हाताशी आलं म्हंजे झालं. आमच्यात बी नावं अशीच खोडली."

यानंतर आबांकडे बघण्याची सभेची दृष्टी बदलली. पुढचा अर्धा तास मुलगा बंगळुरूहून सांगत होता आणि आबा त्याचं मराठीत आणत होते. जुनी प्रत मुलाच्या खात्यात निघाली, ती परत ठेवली. सगळ्यांची वेगळी खाती पुन्हा सुरू झाली. फोल्डर फक्त कमिटीच्या ग्रुपला, आणि त्यावर 'स्टिकी बिट' बसवलं: आत नवीन कागद कुणीही ठेवावा, पण दुसऱ्याने ठेवलेला काढता येणार नाही. यादी पुन्हा ६४०. सेक्रेटरींनी लिहायचं, बाकी कमिटीने वाचायचं. काकांनी विचारलं, हे सगळं रूटलाही लागू आहे का? मुलगा म्हणाला, नाही, रूटला वाचण्या-लिहिण्याच्या रेघा अडवत नाहीत. एक मात्र आहे. एखाद्या प्रोग्रॅमवर एकाही खणात एक्स नसेल तर तो रूटलासुद्धा चालवता येत नाही. हे ऐकून अध्यक्षांना बरं वाटलं. कुणाला तरी कुठे तरी लगाम आहे.

सभेत एक प्रश्न तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारला, आणि तो मला सगळ्यांत शहाणा वाटला. "पूर्वी नव्हतं हो हे सगळं. विंडोज पंचाण्णवमध्ये कुठे होतं?" खरंच नव्हतं. त्यात पासवर्डाची खिडकी यायची आणि एस्केप दाबलं की ती बाजूला होऊन आत या म्हणायची. अंगणात खाटा टाकून झोपायचा काळ होता तो. १९९३ च्या विंडोज एनटीमध्ये युनिक्सपेक्षाही बारीक परवानग्या होत्या, पण ते ऑफिसांसाठी. घरांत ही पीडा खऱ्या अर्थाने शिरली ती २००७ च्या व्हिस्टाबरोबर. स्क्रीन अंधारायची आणि यंत्र विचारायचं, नक्की ना? लोक इतक्या वेळा 'हो' म्हणाले की पुढे वाचायचंच सोडून दिलं. मोबाइलवर तेच चाललंय. टॉर्चच्या ॲपला आपल्या फोनमधले सगळे नंबर कशाला हवेत, हे न विचारता आपण अंगठा टेकवतो. वहिनींना हे माहीत नसेल, पण अँड्रॉइडच्या पोटात युनिक्सचीच रीत आहे. प्रत्येक ॲपला तिथे वेगळा माणूस धरतात, वेगळा नंबर देतात, म्हणजे एकाने दुसऱ्याच्या फायलींत डोकावू नये. आपण एकटेच वापरतो म्हणतो त्या फोनात पन्नास-साठ बिऱ्हाडं असतात आणि एकाचंही भाडं येत नाही.

सभा संपली. पार्किंगची नवी यादी सेक्रेटरींच्या सहीनिशी छापून लिफ्टमध्ये लावली. तेव्हापासून कम्प्युटरवरच्या फाइलीत एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं नाही. काका रोज ती उघडतात, वरची पट्टी वाचतात आणि बंद करतात.

लिफ्टमधल्या कागदावर मात्र दुसऱ्याच दिवशी कुणी तरी बॉलपेनने एक नंबर खोडून वर दुसरा लिहिला. त्याच्याखाली हिरव्या शाईत तिसरा आला. कोपऱ्यात एक बाण आणि 'चुकीचे आहे, संपर्क साधावा' असं, फ्लॅट नंबर न देता. मी वॉचमनला विचारलं, गाड्या कुठल्या यादीप्रमाणे लावता?

"लिफ्टमधल्या," तो म्हणाला. "ती अपडेटेड असते ना."